थडग्यावरचा बूट

निवडणूक आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या भिंती चेहऱ्यांनी भरतात. १८६४ साली यादवी युद्धातल्या अमेरिकेत मात्र निवडणूक गाजली ती एका थडग्याच्या चित्राने. ते काढणारा थॉमस नास्ट जर्मनीत जन्मला, सहाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला. लिंकन यांचे विरोधक दक्षिणेशी तडजोड मागत होते. नास्टने ‘हार्पर्स वीकली’त ती तडजोड दाखवली: उत्तरेच्या शहिदांच्या थडग्यावर बूट रोवलेला दक्षिणेचा सैनिक, त्याच्याशी मान खाली घालून हात मिळवणारा उत्तरेचा जायबंदी जवान. हे चित्र प्रचारपत्रक म्हणून घरोघर गेले. लिंकन जिंकले. नास्टची पुंजी मात्र १८८४ साली एका पेढीच्या दिवाळ्यात बुडाली. इतरांना खुर्ची मिळवून देणारा हा माणूस १९०२ साली, पोटासाठी पत्करलेल्या वकिलातीच्या नोकरीत, दूर इक्वाडोरमध्ये पीतज्वराने वारला.