रिद्धपूरचे म्हाइंभट आणि आपली नोंदवही

स्मरणिका समितीच्या पहिल्या बैठकीत संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला ते अगदी सोपं वाटलं होतं. म्हटलं, सभांची नोंदवही काढायची, तारखा उतरवून घ्यायच्या, चार फोटो लावायचे, झालं. प्रत्यक्षात पहिल्या सहा वर्षांची नोंदवही वाळवीनं खाल्लेली निघाली. पुठ्ठा शाबूत, आत भुसा. मग दारोदार फिरून विचारणं आलं. आणि विचारायला लागल्यावर कळलं की एकाच गोष्टीच्या आपल्या सोसायटीत कमीत कमी तीन हकिकती असतात.

अशा वेळी मला म्हाइंभट आठवले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत लीळाचरित्राचं नाव वाचलं असेल, परीक्षेत रिकामी जागाही भरली असेल. पण हा ग्रंथ आपल्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला लिहिला गेला हे कितीजणांच्या लक्षात आहे? माझी नोकरीची पहिली काही वर्षं त्याच भागात गेली. संत्र्याच्या बागा, काळी जमीन आणि मधे ते लहानसं गाव. तेव्हा मी एसटीतून उतरून नुसतं दर्शन घेऊन परत यायचो. इथं मराठीतला पहिला गद्य ग्रंथ तयार झाला, ही गोष्ट डोक्यात खरी शिरली ती आत्ता, हे काम अंगावर आल्यावर.

म्हाइंभट मूळचे इकडचे नाहीत. गोदावरीच्या बाजूचं सराळे हे त्यांचं गाव. शास्त्रं शिकलेला मोठा पंडित, आणि त्या पांडित्याचा तोराही तेवढाच. परंपरेत सांगतात की पायाला गवत बांधून, भर दिवसा दिवटी पेटवून ते हिंडत; म्हणजे जगात सगळा अंधार, उजेड काय तो माझ्याकडे, आणि बाकीचे पंडित म्हणजे पायाखालचं गवत! असा माणूस चक्रधरस्वामींशी वाद करायला डोमेग्रामला गेला. वाद फार लांबला नाही. स्वामींनी विचारत विचारत त्यांना अशा जागी आणून ठेवलं की तिथं पाठांतर कामाचं नव्हतं. पंडित गप्प झाला.

गोष्टीतला माणूस असता तर तिथंच सगळं सोडून पायावर पडला असता. म्हाइंभटांचं तसं झालं नाही, आणि म्हणूनच मला ते जवळचे वाटतात. मनानं मानलं, पण संसार सुटेना. येणंजाणं राहिलं, श्रद्धा अर्धीमुर्धी राहिली. आणि एवढ्यात, 1274 च्या सुमारास, स्वामी उत्तरेकडे निघून गेले. ज्याच्यापाशी बसून सगळं शिकायचं होतं, तोच उठून गेला. राहून गेलं म्हणतात ना, ते हेच.

स्वामींच्या मागे नागदेवाचार्य आणि बाकीची मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आली. म्हाइंभटही तिथं आले. गोविंदप्रभू म्हणजे चक्रधरांचे गुरू. मोठं अजब व्यक्तिमत्त्व. लहान मुलासारखं वागणं, कुणाच्याही घरात शिरणं, काहीही मागून खाणं. गावातले कितीतरी लोक त्यांना वेडाच समजत. पण त्याच गोविंदप्रभूंनी मातंगांच्या वस्तीला पाणी नव्हतं तेव्हा विहिरीची जागा दाखवली, आणि तिथं पाणी लागलं. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे ती म्हाइंभटांमुळेच. गोविंदप्रभूंचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. आपल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना बोअरला गोडं पाणी लागण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

तर रिद्धपूरला वाजेश्वरीच्या देवळात नागदेवाचार्य एकटेच बसून असत. स्वामींचं बोलणं, चालणं, कुठं कोणाला काय म्हणाले, हे सगळं ते आठवत बसत. म्हाइंभटांच्या मनात आलं, हे आठवणारी माणसं आज आहेत, उद्या नसतील. मग पुढच्यांना काय उरणार? त्यांनी लिहायची परवानगी मागितली. नागदेवाचार्यांनी सांगायचं आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यायचं असं महिनोनमहिने चाललं.

इथवर ठीक. नागदेवाचार्यांसारखा माणूस सांगतोय म्हटल्यावर दुसरा कोणी लेखक असता तर तेवढ्यावर ग्रंथ पुरा करून मोकळा झाला असता. पण नागदेवाचार्य प्रत्येक प्रसंगी हजर होते थोडेच? जिथं ते नव्हते तिथली हकिकत जो होता त्यालाच विचारायची, असं ठरलं. मग हा एकेकाळचा दिवटीवाला पंडित गावोगाव निघाला. ज्याला एखादी लीळा ठाऊक त्याच्या दारी जायचं. त्यात बाया होत्या, शेतकरी होते, अक्षरओळख नसलेली माणसं होती. ज्यांना पूर्वी त्यांनी हिशेबातही धरलं नसतं, त्यांच्यासमोर बसून आता विचारायचं की बाई, त्या दिवशी स्वामींनी काय जेवलं, कुठं बसले होते, सोबत कोण होतं. सगळा देश पालथा घातला म्हणा ना. हे काम चार दिवसांचं नव्हतं, वर्षांचं होतं.

यातून हजारावर लीळा जमल्या. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग झाले. लोणार, मेहकर अशी आपल्या ओळखीची ठिकाणं त्यात येतात. वाचताना नवल वाटतं ते असं की यात अलंकारिक काही नाहीच. छोटी छोटी वाक्यं. माणसं बोलतात, भांडतात, रुसतात, भाकरी करतात. आणि सगळं मराठीत. संस्कृत येणाऱ्या पंडिताला मराठीत लिहिणं म्हणजे खालच्या पायरीवर उतरणं, असा तो काळ. पण सांगणाऱ्यांची भाषा मराठी होती, स्वामी बोलले तेही मराठीतच. नागदेवाचार्यांचा याबाबतीत कटाक्षच होता: संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या साध्या बायाबापड्यांनी काय करायचं?

माझ्या उपयोगाची गोष्ट मात्र पुढंच आहे. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला तर काय करायचं? लीळाचरित्रात अशा वेळी एक खरं आणि एक खोटं असा निकाल लावलेला नाही. अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं, अशी पाठभेदांची नोंद येते. त्याला त्यांच्याकडे वासना असा शब्द आहे. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा प्रकार! आणि तोही श्रद्धेच्या ग्रंथात. मला तर वाटतं, म्हाइंभटांची श्रद्धा या कामातच पक्की झाली. समोर स्वामी होते तेव्हा जे जमलं नाही, ते त्यांच्याबद्दल दहा जणांना विचारता विचारता, पुन्हा पुन्हा लिहिता लिहिता जमलं. हे माझं मत आहे, जाणकारांनी चूक असेल तर सांगावं.

एवढं करून मूळ पोथी राहिली का? नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत ती नाहीशी झाली. पण हिराइसा नावाच्या बाईंना तो ग्रंथ मुखोद्गत होता. त्यांच्या आणि इतरांच्या पाठांतरावरून तो पुन्हा उभा राहिला. नंतर महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या, त्यामुळे त्या टिकल्या, पण बाहेरच्यांना कित्येक शतकं कळल्या नाहीत. विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडली. पुढे आपल्या विदर्भातल्या डॉ. वि. भि. कोलत्यांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची प्रत 1978 साली निघाली. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे.

आता आपल्या इतिहासाकडे येतो. टाळायचा विचार होता, पण टाळता आलं नाही.

आपल्या पहिल्या बोअरला खारं पाणी लागलं, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहेच. प्रत्येकानं वर्गणी भरलेली. आठ-आठ दिवस नळ यायचा नाही, लोक वैतागलेले. त्यात कुणीतरी म्हणालं की अध्यक्षांनी जागा मुद्दाम चुकीची निवडली, बोअरवाल्याशी संगनमत आहे. भर सभेत ठराव आला. अध्यक्षांनी राजीनामा द्यावा, या बाजूनं ज्यांचे हात वर गेले त्यात एक हात माझा होता. त्यांनी राजीनामा दिला. काही वर्षांनी ते वारले.

माझ्या पहिल्या मसुद्यात या सगळ्याचं एकच वाक्य होतं: सुरुवातीची पाण्याची अडचण सर्वांच्या सहकार्यानं दूर झाली. वाक्य गुळगुळीत आहे, स्मरणिकेत शोभतंही. पण लीळाचरित्र उशाशी असताना ते पुढं सरकेना. मग मी फिरलो. एका काकांनी सांगितलं की जागा अध्यक्षांनी नाही, सभेनंच ठरवली होती. दुसरे म्हणाले, नाही, अध्यक्षांचाच हट्ट होता. तळमजल्यावरच्या आजींना पाणाड्या आलेला आठवतो, त्याच्या हातातला नारळसुद्धा आठवतो, पण त्याला बोलावलं कोणी ते आठवत नाही.

शेवटी अध्यक्षांच्या घरी गेलो. वीस वर्षं त्याच आवारात राहून मी त्या घरची पायरी चढलो नव्हतो. वहिनींनी चहा ठेवला. कशाला आलो ते सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात दुसऱ्या बोअरच्या पावत्या होत्या. पैसे कमी पडले तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून भरले होते, राजीनामा दिल्यानंतर. आज आपण जे पाणी वापरतो ते त्याच बोअरचं. त्यांनी कधी मागितले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मला त्यांनी दोष दिला नाही. साखर कमी झाली का, एवढंच विचारलं. मी वहिनींची माफी मागितली. ती इथं पुन्हा मागतो, कारण हात चारचौघांत वर केला होता.

पुढच्या पानांवरच्या इतिहासात बोअरच्या जागेबद्दल दोन्ही म्हणणी सांगणाऱ्यांच्या संमतीनं दिली आहेत, आजींचा नारळही दिला आहे. पावत्यांची रक्कम जशीच्या तशी छापली आहे आणि मूळ पावत्या संस्थेच्या कपाटात, वाळवीचं औषध मारलेल्या खणात ठेवल्या आहेत. दुसरा बोअर होळीच्या आधी खणला की नंतर, यावर अजून वाद आहे. कुणाकडे तिसरी आठवण असेल तर मी रोज संध्याकाळी सहानंतर गेटजवळच्या बाकावर वही घेऊन बसतो.