शेवटच्या रांगेसाठी

गेल्या दिवाळीत पुण्याहून माझा भाचा कळंबला आला होता. मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि मित्रांच्या एका बँडमध्ये बास गिटार वाजवतो. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पितळी समया काढायला त्याला माळ्यावर चढवला, तर समया राहिल्या बाजूलाच आणि पठ्ठ्या धुळीने माखलेली एक लोखंडी पेटी घेऊन खाली उतरला. जाळीतून आतल्या काचेच्या नळ्या दिसताच त्याचे डोळे लकाकले. मामा, हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, आम्ही गिटारवाले असल्या पेट्यांसाठी जीव टाकतो, असे तो म्हणाला आणि पेटी मागून मोकळा झाला.

मी लगेच हो म्हटले नाही. ती पेटी माझ्या वडिलांची. ते लाऊडस्पीकर भाड्याने देत. लग्न, सप्ताह, निवडणुकीची सभा, येरमाळ्याच्या येडाईची चैत्री यात्रा, सगळीकडे ही पेटी बैलगाडीतून नाहीतर एसटीच्या टपावरून गेलेली. वीज नसेल तिथे ती बॅटरीवर चाले. तिला घरात कोणी अ‍ॅम्प्लिफायर म्हणत नसे, नुसते मशीन म्हणत. आणि त्या मशीनवर, आता पुसट झालेल्या अक्षरांत, एक नाव होते : शिकागो रेडिओ.

लहानपणी मला वाटे की हे मशीन अमेरिकेतल्या शिकागोहून आले असणार. पुढे कळले की ही मुंबईची कंपनी, आणि तिच्या मागचा माणूस सिंधी. त्यांचे नाव नानिक मोटवाने. त्यांना जाऊन आता कित्येक दशके झाली. जुन्या पिढीला शिकागो रेडिओ हे नाव तोंडपाठ होते, पण त्यामागचा माणूस फार थोड्यांना माहीत होता. भाच्याला पेटी देण्याआधी या माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे असे मला वाटले. तीच इथे सांगतो आहे.

नानिक यांचे वडील ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्कर गावी विजेच्या सामानाचा व्यवसाय सुरू केला. तीन वर्षांनी त्यांनी कराचीला बस्तान हलवले आणि १९१९ मध्ये ते मुंबईला आले. टेलिफोनचे परदेशी सामान आणून विकणे हा धंदा. शिकागो टेलिफोन सप्लाय या अमेरिकन कंपनीशी संबंध आला आणि तेच नाव दुकानाला चिकटले. पुढे टेलिफोनच्या जोडीला रेडिओ आला. मुंबईत १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, आणि हवेतून येणारा आवाज ही सुखवस्तू घरांतली नवलाई झाली. मोटवाने यांचे दुकान या नव्या विद्येच्या अगदी तोंडाशी उभे होते.

याच काळात देशात वेगळेच काही घडत होते. गांधीजींच्या सभांना माणसे लोटत होती. पण गांधीजींचा आवाज बारीक. चार-सहा रांगांच्या पुढे तो पोचत नसे. मग मैदानात ठिकठिकाणी मंच उभारायचे, एकाने बोललेले दुसऱ्याने ओरडून पुढे सांगायचे, असे उपाय चालत. शब्द शेवटपर्यंत जाईतो त्याचे काय होत असेल, ते गावगप्पा अनुभवलेल्या कोणालाही सांगायला नको. हजारो माणसे कोसकोस चालत येत, दर्शन घेत आणि भाषण न ऐकताच परत जात.

१९२९ च्या सुमाराला नानिक मोटवाने यांच्या हे लक्षात आले. व्यापाऱ्याच्या तरुण मुलाने सभेला जावे आणि व्यासपीठाकडे पाहण्याऐवजी मागच्या रांगेकडे पाहावे, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. पुढाऱ्याच्या पायाशी बसायला सगळेच धडपडत होते. मागे उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येत नाही, ही अडचण आपल्या दुकानातल्या सामानाने सुटू शकते, हे त्यांना सुचले.

हे सामान म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. माणूस मायक्रोफोनसमोर बोलला की आवाजाच्या लाटांतून विजेचा अगदी क्षीण प्रवाह तयार होतो. त्याच्याने कर्ण्याचा पडदा हलणेही शक्य नाही. इथे व्हॉल्व्ह कामाला येतो. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला तापलेली तार, तिच्यातून विद्युतकण बाहेर पडतात. दुसऱ्या टोकाला शेकडो व्होल्टचा दाब दिलेली पट्टी, ती त्या कणांना ओढून घेते. या दोहोंच्या मध्ये एक बारीक जाळी. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली ही जाळी बसवली आणि जग बदलले. आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायचे तर धनेगावच्या मांजरा धरणाचा कालवा डोळ्यांपुढे आणावा. पाटाचा दरवाजा एकटा माणूस वर-खाली करतो, पण त्याच्या हाताच्या हालचालीबरहुकूम केवढे तरी पाणी कमीजास्त होते. जाळी म्हणजे तो दरवाजा. मायक्रोफोनचा क्षीण प्रवाह तो दरवाजा हलवतो आणि मागचा जोरकस प्रवाह त्याची हुबेहूब नक्कल करतो. असे दोन-तीन व्हॉल्व्ह एकापुढे एक जोडले की बारीक आवाज मैदानभर जातो.

नानिक मोटवाने यांनी ही सामग्री काँग्रेसच्या सेवेला लावली. १९३१ च्या मार्चअखेर कराचीला अधिवेशन भरले, अध्यक्ष सरदार वल्लभभाई पटेल. तिथे शिकागो रेडिओचे कर्णे लागले. प्रसंग साधा नव्हता. २३ मार्चला भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना फाशी झाली होती. तरुण मंडळी संतापलेली होती, काळे झेंडे घेऊन गांधीजींसमोर आली होती. गांधी-आयर्विन करारावर शिक्कामोर्तब करायचे होते आणि मूलभूत हक्कांचा ठराव याच अधिवेशनात यायचा होता. अशा वेळी पुढारी काय बोलतो आहे ते खळबळलेल्या जमावाला नीट ऐकू येणे याला फार मोठा अर्थ होता. अर्धवट ऐकलेल्या शब्दाने दंगल होते, पूर्ण ऐकलेल्या शब्दावर निदान वाद तरी घालता येतो.

तेव्हापासून काँग्रेसची मोठी सभा आणि शिकागो रेडिओचे कर्णे हे समीकरण वर्षानुवर्षे टिकले. सामान आगगाडीने न्यायचे, खांब रोवायचे, तारा ओढायच्या, वीज नसेल तिथे तिची सोय करायची आणि सभा संपली की सगळे पुन्हा पेट्यांत भरायचे. गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांची त्या काळची छायाचित्रे पाहा. अनेकांत पुढे मायक्रोफोन आणि त्यावर ठसठशीत शिकागो रेडिओ.

इथे एक प्रश्न मनात येतो, आणि तो टाळू नये. ही देशसेवा की जाहिरात? ज्या मायक्रोफोनसमोर सारा देश डोळे लावून बसला आहे त्यावर आपल्या दुकानाची पाटी, याहून मोठी जाहिरात कोणती? नानिक मोटवाने व्यापारी होते आणि व्यापाऱ्याचे डोळे त्यांना होते, हे उघड आहे. पण नफ्यासाठी माणूस कुठपर्यंत जातो याला एक मर्यादा असते. ती मर्यादा १९४२ साली आली.

८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. तिथलीही ध्वनिव्यवस्था शिकागो रेडिओचीच. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. व्यासपीठ रिकामे झाले. मग बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त नभोवाणी केंद्र काढले. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ही मंडळी यंत्र घेऊन मुंबईत एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत. या कामाला लागणारी सामग्री आणि काँग्रेसच्या बैठकीतल्या भाषणांची ध्वनिमुद्रणे मोटवाने यांच्याकडून गेली. या कामावर काही पाटी लावायची नव्हती. इथे नाव लपवायचे होते आणि पकडले गेले तर दुकानाला कुलूप.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर छापा पडला. नानिक मोटवाने यांनाही अटक झाली. विशेष न्यायालयात पाच जणांवर खटला चालला. १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने निर्दोष सुटले. सुटले हे खरे, पण ज्या दिवशी हो म्हटले त्या दिवशी सुटका होईल हे त्यांना ठाऊक नव्हते. माझ्या मते वरच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

स्वातंत्र्य आले ते फाळणी घेऊन. जिथे धंदा सुरू झाला ते सक्कर आणि जिथे पहिले मोठे कर्णे लागले ते कराची, दोन्ही परक्या देशात गेले. मोटवाने मात्र मुंबईकर झालेलेच होते. पंडितजींच्या सभांनाही त्यांचे कर्णे जात राहिले. भाषणांची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे त्यांनी जपून ठेवली. कुटुंबाचा कारखाना पुढे आपल्या नाशिकरोडला उभा राहिला. वडिलांच्या नावाची आठवण देणारे ग्यान बाग हे त्या जागेचे नाव.

आमच्या कळंबला हे सारे उशिरा पोचले. हा मुलूख निजामाचा. परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे, गश्ती क्रमांक ५३ चा तसा हुकूमच होता. मुंबईत शेवटच्या रांगेला ऐकू यावे म्हणून कर्णे लागत होते तेव्हा इकडे रांगच भरू देत नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि मगच मोकळ्या मैदानात मोकळे बोलणे सुरू झाले. वडील सांगत, की त्यांच्या तरुणपणी गावात पहिल्यांदा कर्णा वाजला तेव्हा म्हातारी माणसे भाषणासाठी नव्हे, आवाज कुठून येतो ते पाहायला आली होती. वडिलांनी पुढे हाच धंदा का धरला, ते मी कधी विचारले नाही.

त्यांची एक सवय मात्र मला पक्की आठवते. मशीन लावले, व्हॉल्व्ह तापून आत तांबूस उजेड पडला, हॅलो हॅलो करून झाले, की ते मला मशीनजवळ बसवत आणि स्वतः मैदानाच्या पार टोकाला चालत जात. तिथे उभे राहून हाताने खूण करत, वाढव, कमी कर. आवाज फाटला तर त्यांना राग येई. भाड्याचे पैसे पुढची माणसे देतात, पण मशीन मागच्या माणसांसाठी असते, असा त्यांचा हिशेब होता.

आता गंमत पाहा. माझ्या वडिलांना ज्याची चीड होती तो फाटका आवाजच माझ्या भाच्याला हवा आहे. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला की तो आवाजाच्या लाटेचे शेंडे हळुवार दाबतो, आणि गिटारचा सूर भरदार, उबदार आणि थोडा घोगरा होतो. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांच्या पेट्यांमुळे हा आवाज जगभर गेला. त्यांचा जन्मही १९०९ चा, सक्करचे दुकान निघाले त्याच वर्षीचा. १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण वाजवणाऱ्यांच्या अडचणी ते कान देऊन ऐकत. बँडच्या गलबल्यात मागे उभ्या असलेल्या बासवाल्याचा आवाज बुडतो हे ओळखून त्यांनी १९५१ मध्ये विजेवर चालणारी बास गिटार आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. ऐकू न येणाऱ्याची आठवण ठेवणारी माणसे जगात सगळीकडे असतात, एवढाच याचा अर्थ.

आज आपल्याकडे उलटे झाले आहे. आवाज आता न पोचण्याचा प्रश्न नाही, नको तिथे पोचण्याचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी घालणारे नियम २००० साली करावे लागले. डीजेच्या भिंतीसमोर छाती धडधडते आणि शब्द मात्र एकही कळत नाही. सामान सुधारले, पण मैदानाच्या टोकाला चालत जाऊन ऐकणारा माणूस कमी झाला.

शेवटी पेटी मी भाच्याला दिली. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वीज जोडू नकोस, आतले कपॅसिटर बंद मशीनमध्येही झटका देतात, एवढे बजावले. आणि एक अट घातली. पहिल्या कार्यक्रमाच्या आधी गिटार मित्राच्या हातात द्यायची आणि आपण सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

जानेवारीत त्याचा फोन आला. मशीन चालू झाले होते. मागे जाऊन ऐकले का, असे मी विचारले. ऐकले, म्हणाला, आणि आवाज थोडा कमी केला.