न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर

गणेशोत्सव आला की लोकमान्य टिळक आठवतातच. यंदा बडा गणपती परिसरातील आम्ही मंडळी लोकमान्यांच्या विरोधात निकाल देणाऱ्या एका न्यायमूर्तींचे स्मरण करीत आहोत. कारण पुढे तेच आपल्या इंदूरचे दिवाण झाले.

नारायण गणेश चंदावरकर यांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी होनावर येथे झाला. १९०० साली ते लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९०१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. रूढी बदलाव्यात, पण सनदशीर मार्गाने आणि सावकाश, अशी त्यांची धारणा होती. प्रार्थना समाजाचे व विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे ते अध्यक्ष होते. असहकाराला मात्र त्यांनी विरोध केला.

ताईमहाराज प्रकरणात १९१० मध्ये त्यांनी व न्या. हीटन यांनी टिळकांच्या विरोधात निकाल दिला. साक्षीदाराला उलटतपासणीत खुलाशाची संधी न देता खोटे ठरवता येत नाही, असे सांगून प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये तो फिरवला. सावरकरांना जन्मठेप देणाऱ्या तीन न्यायमूर्तींतही चंदावरकर होते.

न्यायासन सोडल्यावर तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत त्यांनी इंदूरची दिवाणगिरी सांभाळली. १४ मे १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्यावरील निष्ठा हे त्यांचे मोठेपण. पण कायदा परक्या सत्तेचा असला, की नुसत्या निष्ठेने न्याय होतोच असे नाही. नियमावर बोट ठेवून रोज फायली हातावेगळ्या करणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांना तर हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे वाटते.