काचेच्या नळीतील जाळी

मलकापुरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एखादी गाडी गाणी वाजवत निघून जाते. कंपनीने बसवून दिलेल्या स्टिरिओचा आवाज पुरत नाही म्हणून अनेक जण गाडीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतात. क्षीण ध्वनिसंकेत मोठा करण्याची ही किमया ज्यांच्या शोधातून सुरू झाली, ते अमेरिकी संशोधक म्हणजे ली डी फॉरेस्ट.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १८७३ रोजी आयोवा राज्यातील कौन्सिल ब्लफ्स येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे ते अलाबामातील टॅलाडेगा येथे कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि गावातील गोऱ्या लोकांनी या कुटुंबाशी संबंध तोडले. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र यंत्रांकडे होता. येल विद्यापीठातून त्यांनी १८९९ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींवरील संशोधनासाठी पीएच.डी. मिळवली.

१९०४ मध्ये इंग्लंडच्या फ्लेमिंग यांनी दोन इलेक्ट्रोडची काचेची नळी तयार केली होती. डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये अशा नळीत तारेची जाळी हा तिसरा इलेक्ट्रोड घातला आणि तिला ‘ऑडिऑन’ नाव दिले. कालव्याचे दार हाताच्या थोड्या जोराने वरखाली होते, पण वाहते ते धरणाचे पाणी. जाळीचे काम तसेच. क्षीण संकेत फक्त दार हलवतो. ताकद बॅटरीची असते. गंमत म्हणजे, आपली नळी नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाच उमगले नव्हते. नळीत थोडा वायू हवाच, असे ते मानत. हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकली तर नळी उत्तम चालते, हे इतरांनी दाखवून दिले.

जानेवारी १९१० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ऑपेरागृहातून कारुसो या गायकाचा आवाज रेडिओवरून प्रसारित केला. मात्र, धंद्यातील सहकाऱ्यांनी समभाग विकताना भरमसाट आश्वासने दिली होती. त्यातून डी फॉरेस्ट यांच्यावरही फसवणुकीचा खटला उभा राहिला. ऑडिऑन ही निरुपयोगी वस्तू असल्याचे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. दोन सहकाऱ्यांना शिक्षा झाली. डी फॉरेस्ट सुटले. ही नळी संकेत मोठा करते, हे १९१२ मध्येच दिसून आले होते आणि ‘एटी अँड टी’ कंपनीने १९१३ मध्ये तिचे दूरध्वनीसाठीचे हक्क ५०,००० डॉलरना घेतले होते. सुधारलेल्या नळ्यांच्या बळावर जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून ग्रॅहम बेल सॅन फ्रान्सिस्कोतील वॉटसन यांच्याशी बोलले.

पुढे आर्मस्ट्राँग यांच्याशी पेटंटवरून वर्षानुवर्षे वाद चालला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला, तरी अनेक अभियंत्यांना तो पटला नाही. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूडमध्ये डी फॉरेस्ट यांचे निधन झाले. तोवर नळीची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागला होता.

गाडीतील आजच्या चिपचे तत्त्व तेच आहे. दार कितीही उघडले तरी धरणात असेल तेवढेच पाणी मिळते. गाडीची वीज साधारण १४ व्होल्टची असल्याने, ४ ओहमच्या स्पीकरला मूळ स्टिरिओ सलग २० वॉटच्या आसपासच शक्ती देऊ शकतो. खोक्यावरचा ५० वॉटचा आकडा क्षणिक असतो. त्यापलीकडे आवाज वाढवला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि गाणे फाटते. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून मोठा आवाजही स्वच्छ राहतो. त्याची तार थेट बॅटरीपासून आणावी लागते आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. नाहीतर तार कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात त्याला हवा खेळती राहील अशी जागाही हवी.

धोका मात्र स्वच्छ आवाजातच दडलेला असतो. फाटका आवाज कानाला खुपतो आणि हात आपोआप बटणाकडे जातो. स्वच्छ आवाज कितीही मोठा झाला तरी गोडच वाटतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालू शकतो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते अवघी १५ मिनिटे. आतल्या कानातील केसांसारख्या संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर तो कानाने दिलेला इशारा समजावा आणि पुढच्या खेपेला आवाज कमी ठेवावा.