साताऱ्याचा धावपटू आणि दोराबजींची तिजोरी

साताऱ्यात दरवर्षी डोंगराच्या चढावर अर्धमॅरेथॉन होते, सांगलीतही पहाटे धावणारे दिसतात. धावून मानसिक आरोग्यासारख्या कामासाठी निधी जमवण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र धावणाऱ्यांसाठीच कुणाला तरी पैसा उभा करावा लागे. ते काम सर दोराबजी टाटांनी केले.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८५९चा. केंब्रिजला लागलेले खेळाचे वेड कायम राहिले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. ना बूट, ना शास्त्रीय सराव, तरी वेग थक्क करणारा. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचे त्यांनी ठरवले; वर्गणी मागितली, स्वतःच्या खिशातूनही मोठी रक्कम घातली. त्या संघात साताऱ्याचे सदाशिव दातार आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन होती पावणेत्रेचाळीस किलोमीटरची, म्हणजे आजच्याहून लांब. दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. पहिल्याच खेपेला हे थोडेथोडके नव्हे!

पुढची कसोटी घरची होती. १९२४ला पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात असताना दोराबजींनी पत्नी मेहेरबाईंच्या २४५ कॅरटच्या ज्युबिली हिऱ्यासह स्वतःची दौलत बँकेकडे गहाण टाकली. कंपनी तरली. मेहेरबाई मात्र १९३१ला रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. या रोगात अस्थिमज्जेत विकृत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्या काळी त्यावर परिणामकारक औषधच नव्हते. मूलबाळ नसलेल्या दोराबजींनी १९३२ला रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे एक न्यास काढला आणि उरलेली संपत्ती दुसऱ्या न्यासाला दिली. त्याच जूनमध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले. हिराही पुढे विकला गेला, पैसा न्यासात आला.

याच पैशातून १९३६ला मुंबईत नागपाड्याला समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मुलांच्या मानसिक तक्रारींसाठीचे देशातले पहिले मार्गदर्शन केंद्र या शाळेने १९३७ला सुरू केले. हट्टी, घाबरट किंवा शाळा चुकवणाऱ्या पोराला तोवर छडी तरी मिळे, नाहीतर अंगारा. अशा केंद्रात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून त्याचे म्हणणे ऐकून घेत, आणि मग आईवडिलांनाही समोर बसवत.