विकलेली पुस्तके

इंग्रजी भाषेतील थोर कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ या बंदरात झाला. त्याचे वडील नौदलाच्या पगारकचेरीत कारकून होते. पुढे हे कुटुंब चॅटम गावी राहू लागले. चार्ल्स प्रकृतीने अशक्त होता. इतर मुले बाहेर खेळत, तेव्हा तो वरच्या मजल्यावरील लहानशा खोलीत वडिलांची पुस्तके वाचीत बसे. रॉबिन्सन क्रूसो, डॉन किहोटे, अरबी भाषेतील सुरस गोष्टी, फील्डिंग व स्मॉलेट यांच्या कादंबऱ्या हे त्याचे सोबती होते. वाचता वाचता तो स्वतःच कथेचा नायक होई आणि गावातील रस्ते, कोठारे यांना कथेतील स्थळे मानी.

१८२२ साली कुटुंब लंडनला आले. वडिलांचे कर्ज वाढत गेले आणि घरातील चीजवस्तू विकण्याची पाळी आली. आरंभ पुस्तकांपासून झाला. ती विक्रेत्याकडे नेऊन देण्याचे काम चार्ल्सच्याच वाट्याला आले. १८२४ मध्ये कर्जापायी वडिलांना मार्शलसीच्या तुरुंगात जावे लागले. बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात दिवसाचे दहा तास बरण्यांवर कागद चिकटवू लागला. आपण आता कधीच विद्वान होणार नाही, हे दुःख त्याला दारिद्र्याहूनही अधिक जाचत असे.

काही महिन्यांनी वडील सुटले व चार्ल्सला पुन्हा शाळा मिळाली. परंतु पंधराव्या वर्षी ती सोडून त्याला वकिलाच्या कचेरीत नोकरी धरावी लागली. तरी त्याचे वाचन सुटले नाही. अठरावे वर्ष पूर्ण होताच त्याने ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात प्रवेश मिळविला. तेथे त्याने शेक्सपिअरची नाटके वाचली.

१८३६ मध्ये त्याची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तीतील भोळा धनी आणि चतुर चाकर यांची जोडी पाहून डॉन किहोटे व त्याचा सेवक यांची आठवण होते. परंतु हा धनी प्रवास करता करता कर्जदारांच्या तुरुंगातही जाऊन पोहोचतो. कथा रंगविण्याची रीत डिकन्सला ग्रंथांनी शिकविली; तुरुंगातील माणसांची दुःखे मात्र त्याला जीवनाने दाखविली होती.

डिकन्सने त्या जुन्या ग्रंथांचे ऋण कधीही विसरले नाही. १८४९ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने हेन्री फील्डिंग असे ठेवले. त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीतील एकाकी बालकालाही त्याने वरच्या मजल्यावरील खोली व तीच पुस्तके दिली. ९ जून १८७० रोजी डिकन्स निवर्तला. लहानपणी स्वतःच्या हातांनी विकावयास नेलेली ती पुस्तके त्याच्या कादंबरीत मात्र कायमची राहिली आहेत.