माणकाच्या रंगाचे सोने

मायकेल फॅरडे यांचा जन्म इ. स. १७९१ मध्ये लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरतेच त्यांना शिक्षण मिळाले. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. बांधणीसाठी आलेले ग्रंथ वाचता वाचता त्यांना शास्त्राची गोडी लागली, आणि १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रयोगशाळेत ते मदतनीस झाले. विजेसंबंधीच्या त्यांच्या शोधांची कीर्ती सर्वत्र आहे. उतारवयात त्यांनी केलेले एक काम मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

१८५६ साली फॅरडे चौसष्ट वर्षांचे होते. स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली होती. प्रयोगांची नोंद ते क्रमांक घालून वहीत करीत. सोन्याच्या अतिशय पातळ वर्खातून प्रकाश कसा जातो, हे ते पाहत होते. वर्ख धुतलेले पाणी त्यांना किंचित लालसर दिसले. दुसऱ्या कोणी ते ओतून दिले असते! फॅरडे यांनी तसे लाल पाणी मुद्दाम तयार केले. त्यात प्रकाशाचा झोत सोडताच झोताची वाट उजळून दिसू लागली. यावरून त्यांनी ओळखले की, सोने पाण्यात विरघळलेले नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत आहेत.

परंतु हे पाणी मोठे नाजूक होते. चिमूटभर मीठ पडले, की माणकासारखा लाल रंग जाऊन ते निळे होई आणि काही वेळाने सोने तळाशी बसे. केलेली सारी मेहनत वाया जाई. भांडे नीट स्वच्छ नसले, तरी पाणी बिघडे. फॅरडे यांनी नाना पदार्थ घालून पाहिले. थोडे जिलेटिन घातले, तेव्हा मिठाचा प्रभाव चालेना. पाणी लालच राहिले! जिलेटिनचा लेप कणांभोवती बसतो व त्यांना एकमेकांस चिकटू देत नाही, हे कारण पुढील शास्त्रज्ञांनी उलगडले. आज रोग्याच्या शरीरात औषध वाहून नेण्यासाठी असेच सूक्ष्म कण वापरतात. रक्तातही मीठ असतेच. म्हणून त्या कणांनाही संरक्षक लेप द्यावा लागतो. नाहीतर ते वाटेतच गोळा होऊन बसतील.

फेब्रुवारी १८५७ मध्ये फॅरडे यांनी हे प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. १८६७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या लाल पाण्याची बाटली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जतन केलेली आहे, आणि तिचा रंग अद्याप उडालेला नाही.